काकूंची काळी कॉफी

सांगली, रविवार

प्रिय मन्या,

तुझं पत्र मिळालं. लहानपणी दम लागला की काकू काळी कॉफी पाजायच्या, ती खरंच लागू पडायची की मनाचं समाधान, असं विचारलंयस.

लागू पडायची रे, थोडी आणि थोडा वेळ. कॉफीतलं कॅफिन आणि दम्यावरचं औषध थिओफिलिन ही सख्खी भावंडं, दोन्ही प्युरीन नावाच्या रसायनांच्याच घरातली. लंडनचा डॉक्टर हाइड सॉल्टर स्वतः दमेकरी. १८६० च्या सुमारास तो रिकाम्या पोटी कडक कॉफी घ्यायला सांगायचा. थिओफिलिन मागाहून, १८८८ मध्ये, कोसेल नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं चहाच्या पानांतून काढलं.

खरी गंमत अ‍ॅडिनोसिनची. तेही याच घराण्यातलं, पण आपल्या अंगातच तयार होणारं. एम.फार्म.ला मी गिनीपिगच्या श्वासनळीच्या कड्या दोऱ्यानं बांधून साखळी करायचो. ऑर्गन बाथमध्ये, म्हणजे असा तुकडा जिवंत ठेवायच्या भांड्यात, क्रेब्जचं क्षारांचं द्रावण, ३७ अंश, खालून बुडबुडे. दोरा जरा जास्त ओढला की कडी फाटायची आणि अख्खी सकाळ वाया! नळ्या आवळणारं हिस्टामिन टाकलं की साखळी आकसायची. वर अ‍ॅडिनोसिन सोडलं की साखळीला जोडलेली नोंदीची दांडी हळूहळू खाली, म्हणजे स्नायू सैल. पेशींना ऊर्जा पुरवणारं एटीपी, याच घराण्यातलं, त्याचंही तेच. मी वहीत ठणकावून लिहिलं, 'प्युरीन नळी मोकळी करतात.'

आणि मग १९८३ चा एक इंग्लिश प्रयोग वाचला. दमेकऱ्यांनी अ‍ॅडिनोसिनचा फवारा हुंगला तर नळ्या आवळल्या. निरोगी माणसं मात्र ढिम्म! माझ्या वहीची पार शोभा झाली. गोम अशी की दमेकऱ्याच्या नळीच्या अस्तरात हिस्टामिन साठवणाऱ्या मास्ट पेशी टपून बसलेल्या असतात. अ‍ॅडिनोसिन त्यांना डिवचतं, त्या हिस्टामिन ओकतात आणि स्नायू आवळतो तो त्यानं. आधी हिस्टामिनविरोधी गोळी दिली की हे आवळणं बरंच कमी होतं.

थिओफिलिन अ‍ॅडिनोसिनची वाट अडवतं म्हणून दमा सुटतो, हे तेव्हा छान जुळत होतं. थिओफिलिनच्याच भाऊबंदातल्या एन्प्रोफिलिन या औषधानं घोटाळा केला: ते अ‍ॅडिनोसिनला फारसं अडवत नाही, तरी नळ्या थिओफिलिनपेक्षा जास्तच मोकळ्या करतं. पुढे कळलं, मास्ट पेशींवरचा ए-टू-बी नावाचा अ‍ॅडिनोसिनचा दरवाजा तेही अडवतं. मला अजून ते भांडण मिटलंय असं वाटत नाही.

तुझ्यापुरतं सांगतो, इन्हेलर सोडून कॉफीच्या भरवशावर राहू नकोस. आणि धडधड थांबवायला कुणी अ‍ॅडिनोसिनचं इंजेक्शन काढलं, तर दमा आहे हे आधी ओरडून सांग.

काकूंना विचारून ठेव, कपाला किती चमचे टाकायच्या. दिवाळीत आलो की मोजतोच.

तुझा,
बाळ्या