बाय, लेखी मागून घे

फोंडा

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

सोमवारी तू बँक सोडून दिल्लीला केंद्राच्या वित्तीय सेवा विभागात संचालक म्हणून रुजू होणार. आईने कवळ्याला जाऊन शांतादुर्गेची ओटी भरली, साऱ्या वाड्यावर पेढे वाटले. मला फार आनंद झाला, एवढंच लिहायचं ठरवलं होतं. 2018 साली केंद्राने सहसचिवांच्या 10 जागा सरकारी सेवेबाहेरच्यांसाठी काढल्या, ते कात्रण तूच मला पाठवलं होतंस. तेव्हाच ओळखलं, ही काही बँकेत राहत नाही.

पण तोंडी हुकमावर सही करू नकोस. वरिष्ठ काही सांगतील तर लेखी माग. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या वर्तणूक नियमांतला तिसरा नियम तुझ्या बाजूने आहे. बँकेत निर्णय चुकला तर बोनस जातो. इथे फाईल वर्षांनी उघडते, तोवर सांगणारे बदलून गेलेले असतात आणि सही करणारा तेवढा सापडतो. भाऊकाकाचं तू पाहिलंस.

शेअर्सचंही आधी बघ. सोळाव्या नियमात वारंवारची खरेदी-विक्री म्हणजे सट्टाच. जावईबापूंच्या नावावर काय आहे तेही तपास.

उपदेश सुरू झाला, रागावू नकोस. मे महिन्यात तू माझ्याबरोबर पणजीला फाझेंदीत, माझ्या सरकारी कचेरीत यायचीस. रद्दी कागदांवर शिक्के उठवायचीस आणि प्रत्येकाखाली ऐटीत सही ठोकायचीस. हेडक्लार्क म्हणायचे, ही एक दिवस आमची साहेबीण होणार. कदंबाच्या बसमध्ये बसलं की माझ्या मांडीवर झोपून जायचीस, थेट फोंड्यापर्यंत.

चिंतामणराव देशमुखही रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते, मग अर्थमंत्री झाले आणि 1956 मध्ये मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देऊन मोकळे झाले. त्यांना सोडता आलं. तुझा करार तीन वर्षांचा, फार तर पाच. पण मुंबईच्या फ्लॅटचा हप्ता आहे, पगार निम्म्यावर येणार. हप्ता डोक्यावर असला की माणूस लेखी मागायला कचरतो. मला रात्री तेच आठवत राहतं.

म्हणून माझी मुदतठेव मार्चमध्ये पिकली की ती कर्जात भर. आईशी बोललोय, तिची हरकत नाही. नाही म्हणू नकोस. बापाने दिलेले पैसे सरकारला कळवावे लागत असतील तर कळव, आणि तेही लेखी.

पार्सलात सोलं आणि उकडे तांदूळ आहेत.

तुझे,
बाबा