बरगड्या मोजू देणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

तुमचं नाव, बेड नंबर, वॉर्ड काहीच लिहीत नाहीये, ते लिहायचा मला हक्क नाही. केसपेपरवर तुमचा फोन नंबर होता तोही मुद्दाम बघितला नाही. पण तुमची नात दिवसभर मोबाईलवर काहीतरी वाचत असते असं तुम्ही म्हणाला होतात, म्हणून इथे लिहितेय, तिच्यापर्यंत पोचलं तर ती वाचून दाखवेल. मार्केट यार्डात कलिंगडाच्या गाड्या उतरवणारे तुम्ही आणि तुमची पाठ वाजवून बघणारी मी, एवढ्यावरून ओळखाल.

परवा माझी मेडिसिनची एंड पोस्टिंग परीक्षा झाली, म्हणजे त्या वॉर्डातलं शिकणं संपताना आम्हा मेडिकलच्या विद्यार्थ्यांची घेतात ती. पास झाले. परीक्षक मॅडम म्हणाल्या पेशंटच्या छातीवर दुसरी बरगडी दाखव, आणि माझं बोट न शोधता बरोबर जागेवर गेलं, आणि तिथेच माझे डोळे भरून आले. मॅडमना वाटलं मी घाबरले. घाबरले नव्हते काका, तुमची आठवण आली होती.

तुम्हाला तो राऊंड आठवत असेल. आम्ही दहा-बारा जणं तुमच्या बेडभोवती, सरांनी मला पुढे बोलावलं आणि म्हणाले सेकंड रिब दाखव. मी कॉलरबोनच्या खाली जे पहिलं हाड हाताला लागलं त्यावर बोट ठेवलं आणि पहिली सोडून पुढची शोधायला लागले. चुकलं. परत चुकलं. मग सर म्हणाले, कुठल्या मीडियमची तू? सगळे हसले. मी मराठी मीडियमची आहे, तालुक्याच्या गावातून आलेय, आणि बरगडीचा आणि मीडियमचा काय संबंध ते मला अजून कळलेलं नाही. चुकले हे मान्य आहे. पण चुकल्यावर बरोबर जागा कुठली हे त्या दिवशी कुणी दाखवलंच नाही, पुढच्या बेडवर गेले सगळे. आणि तुमचा सदरा तसाच वर राहिला होता, पडदा ओढलेला नव्हता, तुम्हाला कुणी विचारलंही नव्हतं की चालेल का. तो सदरा तुम्ही स्वतःच खाली ओढलात आणि माझ्याकडे बघितलंत. त्या नजरेत दया नव्हती, आपण दोघं एकाच रांगेत उभे आहोत असं काहीतरी होतं.

खरं सांगते, मला बरगड्या येत नव्हत्या असं नाही. हाडांच्या सेटवर मला बाराच्या बारा ओळखता यायच्या, कुठली ट्रू म्हणजे छातीच्या हाडाला थेट जुळणारी, कुठली फॉल्स, कुठल्या बरगडीला खाली खोबण असते, सगळं तोंडपाठ. पण सांगाड्यावर कुणीतरी शाईने नंबर टाकलेले असतात आणि डिसेक्शन हॉलमध्ये कातडी बाजूला केलेली असते. जिवंत माणसाच्या छातीवर कातडी असते, चरबी असते, केस असतात, श्वासाबरोबर सगळं हलत असतं, आणि नंबर कुठेच लिहिलेले नसतात. हा मधला टप्पा कसा ओलांडायचा ते पुस्तकात दोन ओळीत उरकलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटीच आले. विचारलं, काका, परत एकदा छाती बघू का? तुम्ही म्हणालात बघ की. मी पडदा ओढला, हात पुढे केला, आणि माझी बोटं तुमच्या छातीला लागताच तुम्ही दचकलात. मी सॉरी म्हणून हात मागे घेतला तर तुम्ही म्हणालात, "आगं पोरी, हात किती गार पडलेत तुझे, आण हिकडं." आणि तुम्ही माझे दोन्ही हात तुमच्या दोन्ही तळव्यांत धरलेत. जाड, चिरा पडलेले, पोती वाहून घट्टे पडलेले तळवे. मिनिटभर धरून ठेवलेत, काही बोलला नाहीत. मग माझं एक बोट धरून गळ्याखालच्या खड्ड्यावर ठेवलंत आणि हळूहळू खाली सरकवत नेलंत, आणि जिथे हाडाला आडवा उंचवटा लागला तिथे थांबवलंत. म्हणालात, "मोठं डॉक्टर समदे आदी हितंच बोट ठिवत्यात. मी बघितलंय."

काका, तो उंचवटा म्हणजे एंगल ऑफ लुई. गळ्याखालच्या खड्ड्यापासून साधारण 5 सेंटीमीटर खाली, छातीच्या हाडाचा वरचा तुकडा आणि मधला तुकडा जिथे जुळतात ती जागा. तिथून बोट बाजूला सरकवलं की थेट दुसरी बरगडी. पहिली कॉलरबोनच्या मागे दडलेली असते, ती अशी धड हाताला लागतच नाही, म्हणून मोजणी दुसरीपासून सुरू करायची असते. आणि मी राऊंडला पहिली शोधत बसले होते! त्या उंचवट्याच्याच पातळीवर आत श्वासनलिकेचे दोन फाटे होतात, महाधमनीची कमान तिथेच सुरू होते आणि तिथेच संपते. हे सगळं मला पाठ होतं, फक्त ते सगळं माझ्या बोटाखाली आहे हे तुम्ही बोट धरून नेईपर्यंत कळलं नव्हतं. तुम्हाला यातलं एकही नाव माहीत नव्हतं. तुम्ही फक्त इतके दिवस पडल्या पडल्या लक्ष देऊन बघत होतात की नीट तपासणारा माणूस कुठून सुरुवात करतो.

मग आपण दोघांनी मिळून मोजल्या. दुसरी, तिच्या खालची जागा दुसरी, मग तिसरी, चौथी, डावीकडे पाचव्या जागेत कॉलरबोनच्या मध्यातून खाली येणाऱ्या रेषेच्या जरा आत माझ्या बोटाला ठोका लागला. तुमच्या हृदयाचा ठोका! तुम्ही विचारलंत, "घावला का?" मी मान हलवली, बोलता येत नव्हतं मला.

आणि ते कलिंगड. तुमच्या छातीत उजव्या बाजूला पाणी झालेलं, दोनदा काढल्यावर दम कमी झाला होता पण खाली थोडं राहिलेलं. मला पाठीवर बोटाने वाजवून ते कुठवर आहे ते शोधायचं होतं आणि माझं वाजतच नव्हतं, नुसतं थाप मारल्यासारखं व्हायचं. तुम्ही म्हणालात कोपर हलवू नको, मनगट हलव, कलिंगड कसं वाजवून बघत्यात तसं, मारलं की बोट लगेच उचल. आम्हाला शिकवतात तेही हेच, अगदी हेच, फक्त इतक्या सोप्या शब्दात कुणी सांगितलं नव्हतं. खांद्याच्या पात्याचं खालचं टोक म्हणजे सातवी बरगडी, तिथवर मोकळं वाजलं आणि त्याच्या खाली दोन बोटांवर आवाज एकदम मेला, दगडावर मारल्यासारखा. तुम्ही पाठमोरे होतात तरी म्हणालात, "वरचं पिकलेलं बोलतंय, खालचं कच्चं हाय." मग मी तुम्हाला एक-एक-एक म्हणायला लावलं, वर हाताला कंप लागायचा आणि खाली काहीच नाही. ती हद्द मी पेनाने आखली आणि नंतर एक्सरे बघितला तर जवळजवळ तिथेच होती. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मी डॉक्टर होऊ शकेन.

नंतर वाचलं मी, छाती वाजवून तपासायची ही पद्धत ज्याने 1761 मध्ये लिहून काढली तो ऑएनब्रुगर नावाचा डॉक्टर खानावळवाल्याचा मुलगा होता. वडील दारूची पिंपं वाजवून आत किती उरलीय ते बघायचे, त्यावरून त्याला सुचलं म्हणतात. त्याचंही फारसं कुणी ऐकलं नाही, 1808 मध्ये कॉर्व्हिसार नावाच्या डॉक्टरने फ्रेंचमध्ये भाषांतर केलं तेव्हा कुठे लोकांनी मनावर घेतलं. मला ते वाचताना सारखे तुम्ही दिसत होतात.

अजून एक. तुम्ही सांगितलं होतंत की पाणी काढायला पहिल्यांदा सुई टोचली तेव्हा करंट लागल्यासारखी कळ गेली आणि दुसऱ्यांदा काहीच नाही. परीक्षेत मॅडमनी विचारलं, सुई बरगडीच्या वरच्या कडेवरून का घालतात? शीर, धमनी आणि मज्जातंतू बरगडीच्या खालच्या कडेच्या खोबणीतून जातात म्हणून, हे मी सांगितलं, पण सांगताना माझ्या डोक्यात पुस्तकातली आकृती नव्हती, तुमची ती कळ होती. पहिल्या वेळी नक्की काय झालं मला माहीत नाही, पण मी स्वतः सुई धरेन तेव्हा खालच्या बरगडीची वरची कड बोटाने चाचपल्याशिवाय टोचणार नाही, हा शब्द तुम्हाला देते.

सरकारी दवाखान्यात येणारी माणसं आम्हाला शिकवतात आणि त्याची कुठे नोंद होत नाही. आजारी माणूस, त्यात दम लागतोय, रोजंदारी बुडतेय, आणि रोज नवीन पोरंपोरी येऊन तेच प्रश्न विचारतात, तेच सदरा वर करायला लावतात, तरी बहुतेक जण हो म्हणतात. डिसेक्शन हॉलमध्ये ज्यांनी देहदान केलं त्यांना आम्ही पहिल्या दिवशी हात जोडतो, शपथ घेतो. वॉर्डातल्या माणसाला मात्र साधं थँक्यू म्हणायची पद्धत नाही. मी तुम्हाला हात डोक्यावर ठेवायला सांगितलं, खांद्याचं पातं वळून त्याची आतली कड तिरकी होते आणि फुफ्फुसाच्या दोन भागांमधली रेघ साधारण तिथून जाते ते मला बघायचं होतं, आणि तुम्ही मी पुरे म्हणेपर्यंत हात वर धरून ठेवलेत. तुम्हाला दम लागायला लागला होता हे माझ्या उशिरा लक्षात आलं. तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत. ते माझं चुकलंच, काका.

परीक्षा झाल्यावर तशीच धावत वॉर्डात आले तर तुमच्या बेडवर दुसरे आजोबा होते. सिस्टर म्हणाल्या, त्यांना काल सोडलं. मी तिथेच उभी राहिले थोडा वेळ, काय करावं कळेना. मग त्या आजोबांना पाणी हवं होतं, ते दिलं आणि निघाले.

आता बरं वाटायला लागलं असेल, दम कमी असेल, गाड्या उतरवायला जावंसं वाटेल. पण टीबीच्या गोळ्या मधेच सोडू नका, सहा महिने सांगितलेत तर सहा महिने पूर्ण. पोतं उचलायची घाई नको, आधी डॉक्टरांना विचारा. तपासणीला याल तेव्हा जुना एक्सरे घेऊन या, आणि बाहेर बसलेल्या सिस्टरना नुसतं सांगा की त्या पोरीला बोलवा. माझी पोस्टिंग आता सर्जरीला आहे, इमारत वेगळी आहे, पण मी येईन. येताना हात चोळून गरम करून येईन.

तुमची,
गार हातांची पोरगी