लोक कोंबडीला घाबरले, गर्दीला नाही

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

मी जुन्नर तालुक्यातला पोल्ट्रीवाला शेतकरी, 11 वर्षं झाली या धंद्यात. आज शेडमध्ये 4 हजार ब्रॉयलर पक्षी उभे आहेत, वय 47 दिवस. खरं तर 40-42 व्या दिवशी गाडी भरून माल गेला पाहिजे होता, पण व्यापारी फोन उचलत नाही आणि उचलला तर म्हणतो 10 रुपये किलोनी देतो का बोल, नाहीतर गाडी पाठवत नाही. मला एक किलो तयार करायला 75 रुपये खर्च आलाय. बरं, थांबावं म्हणलं तर पक्षी काय खायचा थांबतो का, रोज 15-16 गोणी खाद्य लागतंय, गोणी दीड हजाराला, हिशोब तुम्हीच करा. मी कंपनीचा करार केलेला नाही, पिल्लं माझी, खाद्य माझं, त्यामुळे तोटाही सगळा माझाच.

हे सगळं कशामुळे तर मोबाईलवर फिरणाऱ्या एका मेसेजमुळे. चिकन खाल्ल्यानं कोरोना होतो. आमच्या घरच्या ग्रुपवर तो माझ्या सख्ख्या चुलत भावानी टाकला, त्याला माझा धंदा काय आहे ते माहिती असून. सोबत एका लसीच्या बाटलीचा फोटो, त्यावर कोरोना शब्दाला लाल गोल केलेला. आता त्या बाटलीबद्दल सांगतो कारण ती मी दर लॉटला हातात धरतो. कोंबड्यांना आयबी (इन्फेक्शियस ब्राँकायटिस) म्हणून श्वासाचा एक आजार होतो, ती बाटली त्याच्याच लसीची. हा आजार 1930 च्या दशकापासून जगाला माहिती आहे, त्याचा विषाणू कोरोनाच्याच मोठ्या कुळातला आहे पण तो माणसाला होत नाही. पिल्लं आठवड्याची व्हायच्या आत आम्ही चौघंजण बसून एकेक पिल्लू हातात घेऊन त्याच्या डोळ्यात लासोटा म्हणजे राणीखेत रोगाची लस आणि आयबीची लस यांचा थेंब सोडतो, मग दुसऱ्या आठवड्यात गंबोरो रोगाची लस पाण्यातून, त्या पाण्यात आधी दुधाची पावडर कालवायची म्हणजे लस टिकते. 11 वर्षं हे करतोय, तोंडाला फडकंसुद्धा न बांधता, आमच्यापैकी कुणाला काही झालं नाही. आडनाव सारखं म्हणून माणूस तोच होत नाही, एवढं साधं आहे ते.

2006 ला नवापूरला बर्ड फ्लू आला होता तेव्हा लोक घाबरले ते मी समजू शकतो, तो आजार कोंबड्यांचाच होता आणि तेव्हा सरकारनीच कोंबड्या मारून पुरल्या. पण आत्ता तसं काही नाही ना. 30 जानेवारीला केरळात देशातला पहिला पेशंट सापडला तो वुहानवरून आलेला विद्यार्थी, आणि आता 9 मार्चला पुण्यात सापडले ते दुबईची ट्रिप करून आलेले. दोन्हीकडे आजार विमानातून माणसाबरोबर आला, कोंबडीबरोबर नाही. पशुसंवर्धन खातं सांगून दमलं की चिकन, अंडी सुरक्षित आहेत, हैदराबादला तर मंत्र्यांनी स्टेजवर उभं राहून चिकन खाऊन दाखवलं, पण लोकांचा विश्वास फॉरवर्डवर.

संपादकसाहेब, आमच्या बाजारपेठेतली धुळवड सांगतो. 10 तारीख, मंगळवार होता तरी मटणाच्या दुकानासमोर सकाळी सातपासून ही रांग. रांग कसली, झुंबडच, एकमेकाच्या खांद्यावर हात ठेवून लोक उभे, कोण खोकतंय, कोण तिथंच थुंकतंय, मटण किलोला 600 च्या वर गेलेलं तरी कुणाला परवा नाही. आदल्याच दिवशी पुण्यातली बातमी टीव्हीवर आलेली, सगळ्यांनी बघितलेली. आणि पाच दुकानं सोडून चिकनवाला एकटा बसलेला, पिंजरे भरलेले, समोर माणूस नाही. जाणारे येणारे त्याच्या दुकानासमोरून जाताना नाकाला रुमाल लावत होते आणि पुढं जाऊन त्या गर्दीत घुसताना तोच रुमाल खिशात घालत होते, हे मी स्वतः बघितलंय.

विषाणू काय असतो ते आम्हा पोल्ट्रीवाल्यांना कुणी शिकवायला नको. माझ्या शेडच्या दारात जांभळ्या पाण्याचा ट्रे आहे, पोटॅशियम परमँगनेटचा, त्यात पाय बुडवल्याशिवाय मी स्वतःसुद्धा आत जात नाही. शेजारच्या शेडवर मर पडली की आम्ही एकमेकाकडे जाणं बंद करतो, अगदी लग्नाची पत्रिका द्यायची असली तरी रस्त्यावरून हाक मारून देतो, खाद्याची गाडी दूर उभी करतो, कारण एका शेडवरचा रोग दुसऱ्या शेडवर नेतो तो माणूसच, त्याच्या चपलेनी, हातानी. आता तेच माणसांसाठी करायची वेळ आलीय. शहरातले सिनेमा हॉल, जिम, पोहण्याचे तलाव सरकारनी बंद केलेत ते बरोबरच केलं. पण इकडे जत्रांची तयारी चालू आहे, लग्नं आहेत, चौकात गप्पा तशाच आहेत, आणि सगळे निर्धास्त का तर म्हणे आम्ही चिकन सोडलंय.

पुण्यातल्या त्या पेशंटांची नावं, फोटो सुद्धा लोक शोधून ग्रुपवर टाकतायत, हेही थांबलं पाहिजे. तुमच्याआमच्यासारखीच माणसं आहेत ती. उद्या कुणाला ताप आला तर नाव फुटेल या भीतीनी तो दवाखान्यात जायचाच नाही.

बेळगावकडे एका शेतकऱ्यानं हजारो कोंबड्या जिवंत खड्ड्यात लोटल्या, तो व्हिडिओ तुम्हीपण बघितला असेल. मी पूर्ण बघू शकलो नाही. माझं तिथपर्यंत आलेलं नाही अजून. पण पुढच्या लॉटची पिल्लं मी नको म्हणून सांगितलीत, शेडवरच्या दोन बिहारी पोरांना काय सांगायचं कळत नाही, आणि गावात ज्यांनी मका साठवून ठेवलाय तेही रोज विचारतात, कारण त्यांचा मका आमच्याच खाद्यात जातो.

तुमचा पेपर आमच्या चावडीवर मोठ्यानी वाचला जातो म्हणून विनंती, आजारापासून कसं वाचायचं ते पहिल्या पानावर रोज छापा, साबणानी हात, गर्दी नको, खोकताना तोंडावर कोपर, आणि त्याच चौकटीत चिकनबद्दलही छापा. आणि ज्यांनी तो मेसेज पुढं पाठवला त्यांनी निदान त्याच ग्रुपवर तो चुकीचा होता असं एकदा लिहावं. माझ्या भावाला मी फोन करून हे सांगितलंय, तो हो म्हणलाय पण अजून टाकलं नाही.

परवापासून खाद्य अर्ध्यावर आणलंय. माझ्या पायाचा आवाज आला की सगळे पक्षी भांड्यापाशी गोळा होतात.

आपला,
एक पोल्ट्री उत्पादक शेतकरी
ता. जुन्नर, जि. पुणे
15 मार्च 2020