ताई, पार्ट निवडायला शिकवलंस त्याबद्दल

प्रिय ताई,

फोनवर थँक्यू म्हटलं की तू "बरं बरं, ड्रायव्हर अपडेट केलास का" म्हणून विषय बदलतेस, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. इथे जळगावात माझा पीसी बघायला येणारा प्रत्येक जण विचारतो की पार्ट कोणी सिलेक्ट करून दिले, आणि दर वेळी मी तुझंच नाव सांगतो, मग म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू.

आधी ते कोटेशन. एका दुकानातून आणून तुला व्हॉट्सअ‍ॅप केलं होतं बघ, आय सेव्हन, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, आरजीबी कॅबिनेट, आणि रेट असा की बाबा लगेच पैसे काढायला तयार. दुसरं कोणी असतं तर "भंगार आहे, घेऊ नको" म्हणून मोकळं झालं असतं. तू मला फक्त एवढंच सांगितलंस की दुकानदाराकडून प्रत्येक पार्टचा पूर्ण मॉडेल नंबर लिहून आण. तो आणल्यावर कळलं की आय सेव्हन म्हणजे ३७७०, २०१२ चा प्रोसेसर, ४ कोअर, रॅम डीडीआर३, आणि ते ४ जीबी ग्राफिक्स म्हणजे जीटी ७३०, २०१४ चं. त्यावर विंडोज ११ सुद्धा अधिकृतपणे चालत नाही. मग तू नीट समजावलंस की आय फाईव्ह, आय सेव्हन हे त्या त्या पिढीपुरतं असतं, २०२२ चा आय फाईव्ह १२४०० त्या जुन्या आय सेव्हनला सहज मागे टाकतो, आणि कार्डावरचे जीबी म्हणजे कार्डाची ताकद नव्हे. आता मी कुठलंही कोटेशन असंच वाचतो, आणि हे मला तुझ्याकडून मिळालं.

आणि नंतरही तू पार्टची लिस्ट दिली नाहीस. मला तेव्हा तीच हवी होती खरं तर. तू प्रश्न विचारलेस, काय खेळतोस, मॉनिटर कुठला घेणार, ब्लेंडर (थ्रीडी बनवायचं सॉफ्टवेअर) खरंच शिकणार आहेस की नुसतं म्हणतोयस, खोलीत एसी आहे का, लाईट किती वेळा जाते. एसी नाही, मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ ला जातो हे तुला सांगायची गरज नव्हती, तूही आमच्याच गल्लीतली, पण त्यावरून अर्धी लिस्ट ठरेल असं मला वाटलं नव्हतं.

प्रोसेसरला रायझन ५ ७६०० ठरला तो कारणासकट. व्हॅलोरंट हा गेम १०८०पी रिझोल्युशनवर खेळताना लोड प्रोसेसरवर जास्त येतो म्हणून तिथे कंजूषी नको, ६ कोअर पुरे, ६५ वॉटचा आहे म्हणून बॉक्समधला कूलर चालेल आणि ते पैसे कॅबिनेटच्या फॅनला वापरता येतील, शिवाय एएम५ सॉकेटला (मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) २०२७ पर्यंत तरी सपोर्ट देऊ असं एएमडीने जाहीर केलंय म्हणजे पुढे नुसता प्रोसेसर बदलता येईल. आणि एक गोष्ट जी कोणीच सांगत नाही, की त्यात छोटं का होईना ग्राफिक्स आतच आहे, उद्या कार्ड आरएमएला, म्हणजे वॉरंटीत कंपनीकडे परत, गेलं तरी पीसी बंद पडणार नाही. पुण्या-मुंबईत सर्व्हिस सेंटर जवळ असतं, आमच्यासारख्यांना पार्सल करून वाट बघत बसावं लागतं, तेव्हा ह्या गोष्टीची किंमत कळते.

ग्राफिक्स कार्डवरून आपलं किती बोलणं झालं! एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०६० ला १२ जीबी व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) पण १७० वॉट, आरटीएक्स ४०६० ला ८ जीबी पण स्पीड जास्त आणि ११५ वॉटच. ब्लेंडरमध्ये सीन व्हीरॅममध्ये मावला पाहिजे हे तूच सांगितलंस, आणि तू स्वतः १२ जीबीच्या बाजूची होतीस हे मला कळत होतं. तरी तू "हेच घे" म्हणाली नाहीस. म्हणालीस, तुझे सीन किती मोठे असतात ते बघ, खोली किती तापते ते बघ, आणि मला कारण सांग. माझे सीन लहान, खोली तापते, मी ४०६० म्हटलं. तू म्हणालीस "चालेल, कारण बरोबर आहे." ताई, ह्या एका वाक्याने मला जेवढा विश्वास दिला तेवढा कुठल्याच व्हिडिओने दिला नसता.

एसएमपीएसच्या, म्हणजे पीसीच्या पॉवर सप्लायच्या, बाबतीत मात्र तू अजिबात ऐकून घेतलं नाहीस, आणि बरं झालं. प्रोसेसर जास्तीत जास्त ८८ वॉट, कार्ड ११५, बाकी सगळं धरून तीनशेच्या आत, मग ८५० वॉट कशाला, चांगल्या कंपनीचा ५५० घे, पण बिनानावाचा लोकल नको म्हणजे नको. ८० प्लसचा स्टिकर वीज किती वाया जाते तेवढंच सांगतो, आत प्रोटेक्शन सर्किट कसं आहे ते रिव्ह्यूत बघावं लागतं, हे मला माहीतच नव्हतं.

आणि अर्थिंग. पार्ट यायच्या आधी तू इलेक्ट्रिशियन बोलवायला लावलास. आमचं घर आजोबांच्या काळातलं, थ्री पिन सॉकेट सगळीकडे पण तिसऱ्या पिनला वायरच नाही! तू आईला फोनवर सांगितलंस की एसएमपीएसमधल्या फिल्टरचा थोडासा करंट अर्थिंगमधून जमिनीत जायला हवा, वाट नसेल तर तो कॅबिनेटच्या पत्र्यावर येतो आणि हात लावला की झिणझिणतं. आईला ते इतकं पटलं की तिने फ्रिजचा आणि वॉशिंग मशीनचा पॉईंटही करून घेतला. अंगणात खड्डा, प्लेट, कोळसा, मीठ, सगळं झालं, मग मीटर लावून न्यूट्रल आणि अर्थिंगमधले व्होल्ट मोजले, तू दिलेल्या दोन-तीन व्होल्टच्या मर्यादेत आले आणि मगच तू ऑर्डर टाकू दिलीस. म्हणजे गेमिंग पीसीमुळे घरातल्या सगळ्यांची सोय झाली, बाबा अजून कौतुक करतात तुझं.

कॅबिनेट मेशवालं म्हणजे जाळीचं, समोर काच नको, हे लगेच पटलं.

जोडायच्या दिवशी तू ऑफिसमधून व्हिडिओ कॉलवर होतीस. प्रोसेसरच्या सॉकेटच्या पिना मदरबोर्डवर असतात, बोट लावू नकोस, ते काळं प्लॅस्टिकचं झाकण टाकू नकोस, आरएमएला मागतात. रॅम दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. बटण दाबलं, फॅन फिरले, आणि स्क्रीन काळीच. मदरबोर्डवर डीरॅमचा पिवळा दिवा लागून राहिलेला, माझे हात गार, बाबा दारात उभे, आणि तू शांतपणे म्हणतेस, "हात लावू नकोस, डीडीआर५ आहे, पहिल्यांदा मेमरी ट्रेनिंग करतं, म्हणजे रॅमशी जुळवून घेतं, चहा पिऊन ये." चहा कुठला, मी त्या दिव्याकडेच बघत बसलो. आणि मग आला डिस्प्ले! बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) गेलो तर रॅमचा स्पीड ४८०० वर, एक्स्पो (रॅम पूर्ण स्पीडला चालवायचं सेटिंग) ऑन केल्यावर ६०००. मॉनिटरची केबल मदरबोर्डला नाही कार्डला लाव, विंडोजमध्ये जाऊन १४४ हर्ट्झ सिलेक्ट कर, हे सगळं तू आठवणीने करून घेतलंस, तेही तुझं जेवण राहिलेलं असताना, ते मला नंतर काकूंकडून कळलं.

ताई, तुझ्या ओळखीत पुण्यात तयार पीसी पाठवणारे होते, एका फोनमध्ये काम झालं असतं. तू तेवढा वेळ मला दिलास, त्याबद्दल मनापासून आभार. काकूंना भरिताची वांगी पाठवलीयत, तुझ्यापर्यंत पोचतील. आणि आता वर्गातल्या एका मित्राचा पीसी ठरवायचाय, बजेट माझ्यापेक्षा कमी, त्याला तुझेच प्रश्न विचारून लिस्ट केलीय, प्रत्येक पार्टपुढे कारण लिहिलंय. रविवारी वेळ असेल तर एकदा बघशील का?

तुझाच,
गल्लीतला धाकटा भाऊ