मंडळाच्या चिन्हाची मूळ फाइल जपा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गणेशोत्सव जवळ आला की तालमी, मंडळं आणि ढोल-ताशा पथकं टी-शर्ट छापायला टाकतात. कोल्हापुरात माझा टी-शर्ट छपाईचा व्यवसाय आहे. या दिवसांत बहुतेक ऑर्डरी एकाच ठिकाणी अडतात. कापड आलेलं असतं, रंग ठरलेले असतात, पण छापायचं चित्र व्हॉट्सॲपवर दहा जणांच्या मोबाइलमधून फिरून आलेलं असतं. स्क्रीनवर ते स्वच्छ दिसतं. छातीवर छापलं की फुटतं, म्हणजे कडा धूसर आणि दातेरी दिसतात.

हिशेब सोपा आहे. चांगल्या छपाईला इंचाला 300 पिक्सेल, म्हणजे चित्राचे बारीक ठिपके, लागतात. पाठीवर 12 बाय 16 इंचांचं चित्र हवं असेल तर फाइल 3600 बाय 4800 पिक्सेलची पाहिजे. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलेलं चित्र बऱ्याचदा लांब बाजूने 1600 पिक्सेलच्या आसपासच उरतं, म्हणजे इंचाला 100. तीच फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर जशीच्या तशी पोहोचते. एवढी एक गोष्ट पोरांनी पाळली तरी निम्मं काम होईल.

‘फ्लेक्सवर तर हेच चित्र झकास आलं होतं,’ असं कार्यकर्ते हमखास सांगतात. ते खरंही असतं. पण चौकातला फ्लेक्स आपण रस्त्याच्या पलीकडून बघतो, तिथे कमी पिक्सेल चालून जातात. टी-शर्ट घातलेला माणूस हातभर अंतरावर उभा असतो. फोटोशॉपमध्ये इंचाला 72 पिक्सेल हा आकडा पुसून 300 लिहिल्यानेही चित्रात नसलेला तपशील येत नाही. हल्ली काही जण एआयने चित्र मोठं करून आणतात. त्यात कडा धारदार होतात, पण चेहरा बदलतो आणि मराठी अक्षरांची मोडतोड होते. छत्रपती शिवाजी महाराजांच्या किंवा राजर्षी शाहूंच्या चित्रात डोळे नि नाक कुठल्या तरी यंत्राने अंदाजाने भरलेले असावेत, हे मला सहन होत नाही. असं चित्र मी छापत नाही, ऑर्डर गेली तरी चालेल.

अक्षरांचं दुखणं वेगळं. डिझाइन करणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर असलेला मराठी फॉन्ट आमच्याकडे नसला की फाइल उघडताच जोडाक्षरं तुटतात, वेलांट्या सरकतात. म्हणून कोरल ड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधली फाइल ‘कर्व्ह’ करूनच द्यावी, म्हणजे अक्षर हे अक्षर न राहता आकृती होतं आणि कुठेही तसंच उघडतं. मात्र कर्व्ह न केलेली एक प्रत स्वतःजवळ ठेवावी. नाहीतर पुढच्या वर्षी साल बदलायला पुन्हा सगळं लिहावं लागतं.

पण माझ्या पत्राचं खरं कारण तालमींची जुनी चिन्हं हे आहे. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर या चित्रकारांच्या या गावात पेठेतल्या पेंटरांनी हाताने काढलेली चिन्हं आहेत. कुठे वाघ आहे, कुठे गदा, कुठे उगवता सूर्य. मूळ चित्र तालमीच्या भिंतीवर किंवा माळ्यावरच्या एखाद्या बोर्डावर असतं, आणि आमच्याकडे येतो तो पावतीपुस्तकावरच्या इंचभर चिन्हाचा फोटो. तो पाहून कुणी तरी चिन्ह नव्याने काढतं. उत्सवाला एक, फुटबॉलच्या हंगामात शाहू स्टेडियमवर उतरणाऱ्या तालमीच्या संघाच्या जर्सीला दुसरं. प्रत्येक वेळी वाघाचा जबडा थोडा बदलतो, सूर्याचं एखादं किरण गळतं. अशाने काही वर्षांत मूळ पेंटरची रेघ उरतच नाही.

ती वाचवायला फार खर्च येत नाही. कागदावरचं मूळ चित्र 4 इंचांचं असेल आणि 12 इंच छापायचं असेल तर ते तिप्पट मोठं होणार म्हणून 900 डीपीआयला, म्हणजे इंचाला 900 ठिपके धरून, स्कॅन करावं. बोर्ड असेल तर उजेडात, समोरून सरळ, चांगल्या कॅमेऱ्याने फोटो घ्यावा. त्यावरून जाणत्या माणसाकडून एकदाच व्हेक्टरमध्ये, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषांच्या रूपात, रेखाटून घ्यावं. रेषा गणिताने साठवलेली असल्याने मग ते चिन्ह चहाच्या कपावर छापा, नाहीतर कमानीवर, फुटत नाही. कोल्हापुरातल्या कला महाविद्यालयांचे विद्यार्थी हे काम आनंदाने करतील. प्राध्यापकांनी ते एखाद्या सत्रात घ्यावं, अशी माझी जाहीर विनंती आहे.

नवी कार्यकारिणी येते तेव्हा जमाखर्चाची वही आणि कपाटाची किल्ली हाती दिली जाते. त्याच वेळी चिन्हाची फाइलही द्यावी आणि इतिवृत्तात तशी नोंद करावी. फाइल गेल्या खजिनदाराच्या बंद पडलेल्या मोबाइलमध्ये अडकली, असं आम्हाला दर हंगामात ऐकावं लागतं.

यंदाची ऑर्डर देण्याआधी मंडळांनी चित्र खऱ्या मापात साध्या कागदावर छापून बघावं. त्याला थोडेच रुपये लागतात. कागदावर फुटलं तर कापडावरही फुटणारच.

कळावे,
एक टी-शर्ट छपाई व्यावसायिक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर