टोनआर्मवर नाणे ठेवू नका

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतला जुन्या ध्वनिमुद्रिकांवरचा लेख आवडीने वाचला. साहेबांनी पत्रे तोंडी सांगायची, यंत्राने ती प्लॅस्टिकच्या पातळ तबकडीवर उमटवायची आणि टायपिस्टने नंतर ऐकून टंकायची, या डिक्टेशन यंत्रांची आठवण हल्ली कोणी काढत नाही. ती लेखकाने काढली, त्याबद्दल त्यांचे आभार. पण ‘या तबकड्या आजच्या कोणत्याही टर्नटेबलवर वाजतात, सुई घसरत असेल तर टोनआर्मवर एखादे नाणे ठेवावे’ हा सल्ला वाचला आणि राहवले नाही. टोनआर्म म्हणजे सुई धरणारा दांडा. त्यावर नाणे ठेवून तबकडी वाजेलही, पण पुन्हा वाजवण्यासारखी राहणार नाही.

मी ध्वनिमुद्रण तंत्रज्ञ होतो. निवृत्तीनंतर लोकांच्या घरच्या जुन्या मुद्रणांच्या डिजिटल प्रती करून देतो. एलपीच्या, म्हणजे गाण्यांच्या मोठ्या ध्वनिमुद्रिकेच्या, एका साच्यातून हजारो प्रती निघतात, एक खराब झाली तर दुसरी मिळते. डिक्टेशनची तबकडी म्हणजे मूळ आणि एकमेव प्रत. तिच्यावरची खाच कापून काढलेली नसते, मऊ व्हिनाइलवर सुई दाबून उमटवलेली असते. त्यामुळे ती उथळ असते आणि सुई सहज घसरते. वर नाण्याचे वजन टाकले की सुई त्या मऊ खाचेतून नांगरासारखी जाते, आणि आवाजातले बारकावे आधी पुसले जातात.

सगळ्या तबकड्या एका जातीच्याही नाहीत. साउंडस्क्रायबर या डिक्टेशन यंत्राची तबकडी मिनिटाला 33⅓ फेऱ्यांची, म्हणजे एलपीच्याच गतीची, म्हणून तिचे थोडक्यात भागते. ग्रे ऑडोग्राफ या दुसऱ्या यंत्राचे प्रकरण वेगळे. अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या या यंत्रात मुद्रण आतून बाहेर जाते. शिवाय तबकडी तिच्या पृष्ठभागावर टेकलेल्या चाकाने फिरते, त्यामुळे सुईखालून खाच सारख्याच वेगाने सरकते आणि कडेकडे जाताना तबकडीच्या फेऱ्या मंदावतात. आपले टर्नटेबल मात्र एकाच गतीने फिरते.

परदेशात शिकवलेल्या एका प्राध्यापकांची अशी निळी तबकडी त्यांच्या नातीने माझ्याकडे आणली. साध्या टर्नटेबलवर आतल्या भागात ते विहिरीच्या तळातून बोलल्यासारखे वाटत होते, आणि कडेजवळ तोच माणूस चिरक्या आवाजात घाईघाईने बोलत होता. हा दोष गणिताने निघतो. खाचेची त्रिज्या दर फेरीला सारखीच बदलते, म्हणून एकाच गतीच्या टर्नटेबलवर स्वरही सरळ रेषेत चढतो, आणि संगणकावर तेवढाच उतार देऊन तो समतल करता येतो. मुद्रणात विजेची गुणगुण उतरली असेल तर फारच उत्तम. अमेरिकेत ती 60 हर्ट्झची, ती जागेवर आली की बोलणाऱ्याचा आवाजही जागेवर आला. फिरण्याची दिशा जुळली नाही तर आवाज उलटा येतो, तोही संगणकावर सुलटा होतो. सगळे बसल्यावर ‘कॉमा’, ‘न्यू पॅराग्राफ’ असे सांगत चाललेले आजोबा मध्येच थांबले, कोणाला तरी खिडकी लावायला सांगितली आणि पुन्हा पत्राकडे वळले. नातीने तेवढा तुकडा पुन्हा लावायला सांगितला. मी तो डिजिटल प्रतीवरून लावला. मूळ तबकडी तोवर कागदी पाकिटात परत गेली होती.

पहिल्याच वाजवण्याला मुद्रण चालू असले पाहिजे, हा माझा आग्रह त्यासाठीच आहे. वाकलेली तबकडी आधी सपाट काचेवर ठेवून कडा हलकेच बसवाव्यात. सुईचा भार कार्ट्रिजसाठी (सुई बसवलेल्या भागासाठी) सांगितलेल्या मर्यादेत, कमीत कमी ठेवून सुरुवात करावी. सुई आतल्या बाजूला ओढली जात असेल तर अँटीस्केटिंग, म्हणजे सुईला बाहेरच्या बाजूला ओढणारा ताण, वाढवून पाहावा, वजन नव्हे. प्रीअँपमधली, म्हणजे सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवणाऱ्या यंत्रातली, एलपीची बास-ट्रेबल दुरुस्ती या मुद्रणांना लागू नाही, ती काढून टाकावी. खाच आडवी डुलणारी असेल तर डावा-उजवा चॅनल एकत्र करावा, खरखर बरीच कमी होते.

हे केवळ घरगुती आठवणींपुरते नाही. 22 नोव्हेंबर 1963 रोजी, केनेडी यांची हत्या झाली त्या दिवशी, डॅलस पोलिसांच्या रेडिओचा एक चॅनल डिक्टाबेल्टवर (डिक्टेशन यंत्राच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यावर) आणि दुसरा ऑडोग्राफवर उतरला. पुढे ऑडोग्राफची सुई मागे उडून तेच शब्द पुन्हा वाजल्यामुळे वेळेचा हिशेब जुळवताना अभ्यासकांची दमछाक झाली. दक्षिण आफ्रिकेतला रिव्होनिया खटला, ज्यात 20 एप्रिल 1964 रोजी नेल्सन मंडेला यांनी आरोपीच्या पिंजऱ्यातून निवेदन केले, तोही डिक्टाबेल्टवर आहे. हा पट्टा असतो, टर्नटेबलवर बसतच नाही. फ्रान्सच्या इना या दृक्‌श्राव्य संग्रह जपणाऱ्या संस्थेने आर्केओफोन नावाच्या खास यंत्रावर त्या पट्ट्यांच्या प्रती केल्या.

लेखकाने पुढच्या अंकात नाण्याची सूचना मागे घ्यावी, ही विनंती. आणि कोणाकडे अशी निळी किंवा हिरवी पातळ तबकडी असेल, तर प्रत करण्याची सोय होईपर्यंत ती वाजवू नये. उन्हापासून दूर, पाकिटात, सपाट ठेवावी.

आपला,
एक निवृत्त ध्वनिमुद्रण तंत्रज्ञ