वजन-उंची न पाहता स्नायूंची जाडी कशी ठरवता?

महोदय,

मी साताऱ्यात १९ वर्षं फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. मागच्या महिन्यात कंबरदुखीची एक पेशंट रडतच आली. मंडईत भाजी विकणारी, दोन मुलांची आई. वजन ४१ किलो, उंची चार फूट नऊ इंच. एका शिबिरात तिच्या पोटाची सोनोग्राफी करून सांगितलं होतं, ‘आतला स्नायू २.६ मिलिमीटरच आहे, झिजलाय. जड उचलू नका.’ तेव्हापासून पाटी बंद, दिवसभर कमरेला पट्टा आवळलेला, आणि घरचं पाणी दहा वर्षांची मुलगी भरतेय.

रिपोर्टवर तिचं वजन नाही, उंची नाही. माप श्वास घेताना काढलं की सोडताना, तेही नाही.

पोटाच्या कडेला तीन स्नायू एकावर एक असतात. त्यातला सगळ्यात आतला, ट्रान्सव्हर्सस अ‍ॅब्डॉमिनिस, मुळातच सगळ्यात पातळ. रँकिन, स्टोक्स आणि न्यूहॅम या संशोधकांनी २००६ मध्ये निरोगी माणसांची अशीच मोजमापं प्रसिद्ध केली. पुरुषांचे स्नायू बायकांपेक्षा जाड निघाले, आणि जाडीचा संबंध शरीराच्या वजनाशी दिसला. मग धिप्पाड पुरुषाला आणि या बाईला एकच आकडा कसा लावायचा? बरं, जाडी म्हणजे ताकदही नव्हे. जाड स्नायूंची कितीतरी माणसं कंबर धरून माझ्याकडे येतात.

माझ्या रेडिऑलॉजिस्ट मैत्रिणीने तिला पुन्हा तपासलं. उताणं झोपवून गुडघे दुमडायला लावले. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर भरपूर जेल घालून सोनोग्राफीचा प्रोब नुसता टेकवला, कारण दाबला की स्नायू चपटा होतो आणि माप फसतं. श्वास सहज सोडून झाल्यावर चित्र थांबवलं. दोन पांढऱ्या रेघांमधला काळसर पट्टा, म्हणजे तोच आतला स्नायू, उजवीकडे २.७ मिलिमीटर, डावीकडे २.६. मग बेंबी हळूच आत ओढायला सांगितली. तो पट्टा डोळ्यांदेखत ४.५ वर गेला. तिने मान वळवून स्क्रीनकडे पाहिलं. ‘मॅडम, हलतंय की!’

स्नायू झिजल्याचं काहीच लक्षण नव्हतं. दोन्ही बाजू सारख्या, आणि काम सांगितलं की तो आवळत होता. पेशंटची तुलना आधी तिच्या स्वतःशीच करायला हवी: डावी बाजू उजवीशी, आवळलेला स्नायू सैल स्नायूशी.

शिबिरं भरवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. मिलिमीटर लिहाल तिथेच वजन, उंची आणि श्वासाची स्थितीही लिहा. ते जमत नसेल तर ‘झिजलाय’ हा शब्द तरी पेशंटसमोर उच्चारू नका. या बाईला पट्टा सोडायला तीन आठवडे लागले. आता ती अर्धी पाटी उचलते, पण पाण्याची कळशी अजून मुलीच्याच डोक्यावर आहे.

– एक फिजिओथेरपिस्ट, सातारा